आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी

मेथोट्रेक्सेटची २.५ मिलिग्रॅमची गोळी दिसायला अगदी किरकोळ, शर्टाच्या बटणाएवढी. ए.एल.एल. या प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारातला सर्वांत लांब टप्पा, ‘मेंटेनन्स’, हिच्यावर आणि ६-एमपी नावाच्या दुसऱ्या गोळीवर उभा असतो. ६-एमपी रोज घ्यायची, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅम हा नेहमीचा हिशेब. पाचएक वर्षांचं मूल साधारण ०.७५ चौरस मीटर भरतं, म्हणजे १५ मिलिग्रॅम, सहा गोळ्या एकाच वेळी.

ही गोळी ज्या संशोधनातून आली, त्यात एका तेलुगू माणसाचा मोठा वाटा आहे. पेशी दुप्पट व्हायला फोलिक ॲसिड लागतं. बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना फोलेटची, म्हणजे फोलिक ॲसिडच्या कुळातली, संयुगं दिली, तेव्हा आजार उलट वाढल्यासारखा दिसला. मग फोलेटची वाट अडवली तर? तसं औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले: १६ पैकी १० मुलांत आजार काही काळ मागे हटला. मेथोट्रेक्सेट हे त्या औषधाचं भावंड. त्याच वर्षी मे महिन्यात रेडिओवरून या कामासाठी २०,००० डॉलर मागितले गेले, ते जमले तर ‘जिमी’ या टोपणनावाच्या एका रुग्ण मुलाला टीव्ही मिळणार होता, आणि लोकांनी २ लाख ३१ हजारांहून जास्त पाठवले. बोस्टनमधल्या बालकर्करोग संशोधनाचा जिमी फंड तिथून उभा राहिला.

पहिल्या महिन्याच्या किमोनंतर सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. पण दहा हजारांत एक उरली तरी ती साध्या तपासणीत सापडत नाही, त्यासाठी एम.आर.डी. चाचणी लागते. अशा लपलेल्या पेशींसाठीच एकूण दोन-अडीच वर्षं उपचार चालतात. नेमकं तेव्हा मूल खेळायला लागतं, केस परत येतात आणि घराला वाटतं, झालं बरं. शंभरातले पाचाहून जास्त डोस चुकले तर आजार उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त होतो. मेंटेनन्समधली ही ढिलाई आम्हा उपचार करणाऱ्यांना सर्वांत जास्त घाबरवते.

दुसरी चूक उलट्या बाजूची. मेथोट्रेक्सेट रोज दिली गेली तर तोंड सोलवटतं, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा बंद पडते, मूल दगावू शकतं. म्हणून वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि चिठ्ठीवर वार मराठीतच मागा, कारण इंग्रजी ‘मंडे’ घाईत ‘मॉर्निंग’ वाचला जातो. प्रत्येक वेळी पट्टीवरचा आकडा बघा: दुकानात १० मिलिग्रॅमचीही गोळी मिळते, आणि सवयीने सहा दिल्या तर १५ ऐवजी ६० मिलिग्रॅम पोटात जातात. शेजारणीने आणलेलं ताकदीचं टॉनिकही विचारल्याशिवाय देऊ नका. अनेकांत फोलिक ॲसिड असतं, म्हणजे अडवलेली वाटच मोकळी होऊ शकते. काही मुलांचे काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, ६-एमपीने एकदम पडतात. याला कारण ठरणारा एन.यू.डी.टी.१५ या जनुकातला बदल आपल्याकडे दुर्मीळ नाही. यात आईबापांचा दोष नसतो, डोस कमी करावा लागतो, पण तो डॉक्टरांनीच.

ताप १०१ फॅरनहाइट झाला, किंवा १००.४ वर तासभर राहिला, तर लगेच रुग्णालय गाठायचं, मध्यरात्र असली तरी. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नये. तापाचा आकडा उतरतो, जंतू वाढतच राहतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली असतील तर पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवं.

अशा मुलासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांनी म्हणूनच पहिल्या आठवड्याचा नाही, दोन वर्षांचा हिशेब मांडावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा बराच खर्च भागतो. उरतो तो प्रवास, मुंबईतलं राहणं, बुडालेली मजुरी, आणि या ओझ्यापायीच उपचार अर्धवट सुटतात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, औषधांचे पैसे रुग्णालयाच्या खात्यात केस नंबर घालून भरा, घरखर्चाचे महिन्याच्या हप्त्याने द्या. संशोधनासाठी द्यायचे असतील तर देणगीच्या अर्जात तसं स्पष्ट लिहा. मुलाचा फोटो टाळलेला बरा: क्यूआर कोड बदलून तोच फोटो भलतेच लोक फिरवतात, आणि मूल मोठं झाल्यावरही तो मोबाइलांत राहतो.

उपचारात मुलाला प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, द्याव्या लागतात. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून एका दिवशी दोनशे बाटल्यांचं शिबिर भरवण्यापेक्षा रक्तपेढीने तपासून ठेवलेल्या, हाकेला येणाऱ्या दहा दात्यांची यादी त्या मुलाच्या जास्त उपयोगी पडते. प्लेटलेट देताना दात्याला यंत्रावर तास-दीड तास बसावं लागतं आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही.