जुना वाडा राहता करताना: आधी मोरी-संडासाची जागा, मग खोल्या

वाड्याचं काम काढायचं ठरलं की घरातली मंडळी वरच्या मजल्याचा नकाशा काढून आणतात. त्यात मोठी खोली रस्त्याकडे, गॅलरीला लागून, आणि तिला जोडून संडास-बाथरूम. दहातली आठ कामं इथेच महिनाभर अडतात, कारण ड्रेनेजचा चेंबर बहुधा मागे परसात असतो. "पाइप फिरवून घ्या ना" असं सगळे म्हणतात. तो का फिरत नाही, ते नीट सांगतो.

संडासाचा ११० मि.मी. पाइप आम्ही ४० फुटांना १ फूट उतारानं टाकतो. म्हणजे २० फूट लांब न्यायचा तर ६ इंच उतार, आणि पाइपची स्वतःची जाडी धरून साडेदहा इंच जागा लागते. वाड्याच्या मजल्यात जाड तुळयांवर टाकलेल्या लाकडी कड्या ४-५ इंच उंचीच्या, त्यांवर इंचभर फळी, वर तीन-चार इंच माती आणि फरशी. पाइप आडवा न्यायचा तर कड्यांना खाचा पाडाव्या लागतात. पाच इंची कडीला दोन इंचांची खाच पाडली, की त्या जागी तिची ताकद जेमतेम एक तृतीयांश उरते. ते काम आम्ही करत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

दुसरं कारण गळतीचं. स्लॅबमधली गळती लगेच दिसते. इथे मातीचा थर पाणी पिऊन घेतो. खालच्या माजघरात ओल दिसेपर्यंत भिंतीत गेलेलं कडीचं टोक मऊ पडलेलं असतं.

म्हणून वरचा संडास मागच्या बाहेरच्या भिंतीला, शक्यतो खालच्या मोरीच्या बरोबर वर घ्या. कमोड पी-ट्रॅपचा निवडा, म्हणजे पाइप मजल्यात न उतरता भिंतीतून थेट बाहेर पडतो. बाहेरचा उभा पाइप कौलांच्या वर दोन फूट नेऊन उघडा ठेवायचा, नाहीतर ट्रॅपमधलं, म्हणजे कमोडच्या वळणात साठून वास अडवणारं पाणी ओढलं जाऊन घरात वास येतो. नहाणी ट्रॅपसाठी, म्हणजे अंघोळीचं पाणी वाहून नेणाऱ्या जमिनीतल्या ट्रॅपसाठी, बाथरूमची जमीन सहा इंच उचलावी लागते. दारात पायरी येते, ती नकाशात आधीच दाखवा. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांचं बाथरूम तळमजल्यावरच ठेवा.

ही जमीन आम्ही माती काढून, लोखंडी अँगलच्या चौकटीवर सिमेंट बोर्ड टाकून करतो. चौकटीचा भार तुळयांवर, कड्यांवर नाही. वर जाळीसह वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर फूटभर चढवून. मग इंचभर पाणी ४८ तास भरून ठेवतो आणि खालून छत बघतो. हे दोन दिवस वाचवा म्हणू नका.

नकाशा काढण्याआधी एक गोष्ट घरीच तपासता येते. तुळई भिंतीत शिरते तिथे आणि खांबाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. चांगलं सागवान टोक आत घेत नाही. अर्धा इंच सहज गेला, भुसा पडला, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आधी ते लाकूड, मग टाइल्स. माळ्यावर पाण्याची टाकी मात्र नको: १००० लिटर म्हणजे एक टन. तिला खालच्या जमिनीवरून उभा केलेला वेगळा लोखंडी सांगाडा लागतो.

भिंत पाडण्याआधी कड्या कुठल्या दिशेनं जातात ते बघा. अर्ध्या विटेची भिंतसुद्धा कधी कधी वाकलेली तुळई तोलून धरत असते. शेजाऱ्याच्या तुळया सामाईक भिंतीत असतील तर तिला हात लावायचा नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचा महाग पडतो, वेळही जास्त घेतो, पण टिकतो. वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत असेल तर परवानगीचं आधी बघा.

फोटोवरून किंवा चौरस फुटावर आम्ही दर सांगत नाही, याबद्दल काही जण नाराज होतात. पण फळी उचलल्याशिवाय खालची कडी दिसत नाही. पहिल्या मोजणीत दोन-तीन ठिकाणी फळी उचलतो, चेंबरचं झाकण उघडून तो किती खोल आहे ते मोजतो, खांबांना नंबर घालून खण (दोन खांबांमधली जागा) मांडतो. या मोजणीचे पैसे वेगळे घेतो. काम आम्हाला दिलंत तर ते बिलातून वजा होतात, आणि नाही दिलंत तरी नकाशा तुमचाच.

भेटीला येताना मिळकत पत्रिकेची प्रत, घरात कोण कोण राहणार त्याची यादी आणि चेंबर, मोरी, जिना व चौक कुठे आहेत ते दाखवणारं हातानं काढलेलं चित्र आणा. खोल्यांची नावं त्यात अजून लिहू नका.