चर्चला दान देताय? आधी दोन ओळी लिहून द्या: पावती, ८०जी आणि मृत्युपत्र कुठे अडतं

जुलै उजाडला की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या ऑफिसबाहेर ओळखीचे चेहरे थांबलेले दिसतात. हातात दानाची पावती आणि तोंडी एकच वाक्य, "सीए म्हणतो, ही चालत नाही." वित्त समितीवर काम करताना मी हे इतक्यांदा ऐकलंय की पावती न बघताही कुठे अडलं असेल ते सांगता येतं. चूक बहुतेक वेळा माणसाची नसते. दान देताना त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं, आणि नंतर सगळे त्यालाच विचारतात.

दान देण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून द्या: पैसे कोणत्या संस्थेला आणि कशासाठी. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या दोन ओळी नसल्यामुळे उभ्या राहतात.

आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे पाच जिल्हे त्यात येतात. भाविकाच्या मनात हे सगळं "आपलं चर्च"च असतं. कागदावर मात्र चर्चचा न्यास वेगळा, शाळा चालवणारी संस्था वेगळी, समाजकार्य करणारी वेगळी आणि दवाखाना चालवणारी वेगळी. प्रत्येकाचा पॅन आणि धर्मादाय कार्यालयातली नोंदणी स्वतंत्र असते. ८०जीची, म्हणजे दात्याला आयकरात सवलत मिळवून देणारी, मंजुरीही ज्याची त्याची, ती असेल तर.

आणि इथेच पहिला मोठा गैरसमज आहे. ८०जी ही मंजुरी धर्मकार्यासाठी नाही, ती समाजोपयोगी कामासाठी आहे. संस्था एखाद्याच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी असेल तर तिला ही मंजुरी मिळत नाही. मंजुरी असलेल्या संस्थेलाही धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. त्यामुळे वेदी, घंटा, ग्रोटो (पुतळ्यासाठी बांधलेली गुहा) किंवा चर्चचं छत यासाठी दिलेल्या पैशांवर सहसा करसवलत नसते. "मग मंदिराला कशी मिळते?" असं बरेच जण विचारतात. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च या सगळ्यांना नियम एकच आहे. केंद्र सरकारने ऐतिहासिक किंवा राज्यभर ख्याती असलेलं स्थळ म्हणून राजपत्रात नाव घातलं असेल, तरच त्याच्या दुरुस्तीच्या दानाला सवलत मिळते. आपल्या गावचं चर्च आपल्याला कितीही मोठं वाटो, राजपत्रात नाव नसेल तर उपयोग नाही.

म्हणून सवलत हवी असेल तर संस्थेचं ८०जीचं पत्र आधी मागून घ्या. त्यात मंजुरी कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे ते वाचा. तात्पुरती मंजुरी तीन वर्षांची असते, नियमित पाच वर्षांची. मुदत संपलेली असताना दिलेल्या दानाची पावती कितीही छान छापलेली असली तरी ती फक्त आठवण म्हणून ठेवायची. पत्र मागायला संकोच करू नका, फादरांना त्यात काही वाईट वाटत नाही.

दुसरी अडचण खुद्द पावतीची. २०२१-२२ पासून नुसती पावती पुरत नाही. संस्थेने वर्षभराच्या दात्यांची यादी, फॉर्म १०बीडी, आयकर खात्याकडे भरायची आणि तिथून निघालेलं प्रमाणपत्र, फॉर्म १०बीई, दात्याला द्यायचं. दोन्हींची मुदत वर्ष संपल्यानंतरची ३१ मे. ही तारीख लोक हमखास चुकीची वाचतात. ती संस्थेसाठी आहे. तुमची तारीख ३१ मार्च, त्यानंतरचं दान पुढच्या वर्षात गेलं.

यात उपवासकाळाची पाकिटं फसतात. राखेच्या बुधवारी घरी न्यायची आणि ईस्टरला आणून द्यायची, अशी आपली सवय. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला होता. कोणी फेब्रुवारीपासून रोज थोडे थोडे पैसे पाकिटात टाकले असले, तरी पावती एप्रिलची झाली आणि दान नव्या वर्षात मोजलं गेलं. त्या वर्षी तर कायदाही बदलला. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या दानाला १९६१ चा आयकर कायदा लागू, त्यानंतरच्या दानाला आयकर कायदा २०२५. त्यात हीच तरतूद कलम १३३ मध्ये आहे. सगळे अजून ८०जी, १०बीडी, १०बीई हीच जुनी नावं घेतात, म्हणून मीही तसंच लिहितोय.

१०बीईवर नाव आणि पॅन अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पॅनवर तिसरं, असं फार आढळतं. पावती नवऱ्याच्या नावाने आणि पैसे बायकोच्या खात्यातून, हेही नेहमीचं. पॅन कार्ड समोर ठेवूनच नाव लिहून द्या.

रोख रकमेचा नियम तर एका वाक्यात संपतो, तरी दरवर्षी कोणी ना कोणी त्यात अडकतोच. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर सवलत शून्य. पाच हजार रोख दिले तर "निदान दोन हजारांवर तरी द्या" असं म्हणता येत नाही, सगळेच गेले. यूपीआय, चेक किंवा बँकेतून पाठवा. तांदळाचं पोतं, द्राक्षांच्या पेट्या, पुतळा, पंखा अशा वस्तूंवर सवलत नाही. देऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. दिंडोरीकडून आलेली द्राक्षं आमच्या वेदीसमोर ठेवलेली असतात तेव्हा सगळं चर्च प्रसन्न दिसतं. पण त्याची ८०जी पावती मागू नका. दानपेटीत टाकलेल्या पैशांचंही तसंच. बाळ येशूच्या यात्रेत किंवा हरेगावच्या मतमाउलीला जे पेटीत टाकलं ते देवाला पोचलं, त्याला नाव नाही आणि पावतीही नाही.

मग सवलत किती? प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी वीस हजार दिले आणि वीस हजार परत मिळतील अशी वाट बघत बसले. हिशेब असा: अशा दानाची साधारण निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. वीस हजारांचे दहा हजार वजा झाले आणि तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर वाचतात दोन हजार आणि वर थोडा सेस. शिवाय नवीन करप्रणालीत ही सवलतच नाही, आणि २०२३-२४ पासून काही न निवडल्यास नवीन प्रणालीच धरली जाते. नोकरदारांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: हे दान सहसा फॉर्म १६ मध्ये येत नाही. जुनी प्रणाली निवडून, मुदतीत रिटर्न भरून, १०बीईवरचा क्रमांक घालून सवलत स्वतःच मागावी लागते.

करापेक्षा मला जास्त काळजी "कशासाठी" या दुसऱ्या ओळीची वाटते. काही वर्षांपूर्वी एका मावशींनी नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला पंचवीस हजारांचं पाकीट दिलं. पाकिटावर निळ्या शाईने फक्त "यांच्या आठवणीसाठी" आणि नवऱ्याचं नाव. त्यांच्या मनात चर्चमधला एक बाक होता, डाव्या बाजूचा तिसरा, जिथे ते दोघं चाळीस वर्षं बसले. तसं त्या कोणाला बोलल्या नाहीत. पैसे सर्वसाधारण खात्यात जमा झाले आणि पावसाळ्याआधी छताच्या दुरुस्तीत गेले. दोन वर्षांनी त्यांनी विचारलं, "बाक कधी येणार?" तेव्हा आमच्यातल्या एकालाही मान वर करून बोलता आलं नाही. त्या पाकिटावर "बाकासाठी" एवढा एक शब्द जास्त असता तर चर्चचा स्वतःचा कायदाच त्यांच्या बाजूने उभा राहिला असता. १९८३ च्या धर्मसंहितेतला कॅनन (कलम) १२६७ स्पष्ट सांगतो की ठरावीक हेतूने दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरायचं. प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) वित्त समिती असायलाच हवी (कॅनन ५३७) आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा असतो (कॅनन १२८७). हिशेब मागणं म्हणजे फादरांवर अविश्वास नव्हे. तो तुमचा हक्क आहे आणि आमचं कर्तव्य.

मिस्साच्या हेतूसाठी, म्हणजे कोणासाठी तरी मिस्सा अर्पण करावी म्हणून, दिलेली रक्कम वेगळी असते, ती करसवलतीच्या हिशेबात धरू नका. काही वर्गण्या आपल्या धर्मग्रामात राहतही नाहीत: गुड फ्रायडेची पवित्र भूमीसाठी जाते, ऑक्टोबरातल्या मिशन रविवारची मिशनकार्यासाठी. त्या दिवशी "हे छतासाठी" असं सांगून पाकीट टाकू नका, दुसऱ्या रविवारी द्या.

आता परदेशातली मुलं. यात प्रेमाने केलेली गोष्ट संस्थेला महागात पडू शकते, म्हणून नीट वाचा. प्रश्न मुलगा कुठे राहतो हा नाही, त्याचा पासपोर्ट कुठला हा आहे. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ते परदेशी देणगी धरलं जात नाही. पण मुलीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं, ती सुट्टीला नाशिकरोडला आली असली आणि रुपयांत देत असली, तरी ती परदेशी देणगीच. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला घेता येते, आणि आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा करावी लागते. "मग ती आईच्या खात्यात पाठवेल, आई चर्चला देईल" हा उपाय मला दर नाताळला कोणीतरी सुचवतं. तो चालत नाही. परदेशातून आलेला पैसा मध्ये कितीही हातांतून गेला तरी कायद्याच्या नजरेत तो परदेशीच राहतो. आईची माया खरी असते, पण नोंदणी संस्थेची धोक्यात येते. म्हणून पावती करण्याआधी आम्ही पासपोर्टची प्रत मागतो. राग मानू नका.

जमीन आणि घर यांचं दान सर्वांत जास्त रखडतं. बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं, साध्या कागदावरची सही पुरत नाही. शेतजमीन असेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं: शेतकरी नसलेल्याला, म्हणजे न्यासालाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बक्षीस देता येत नाही. परवानगी आधी, बक्षीसपत्र नंतर. सातबारा, फेरफार आणि सर्व हिस्सेदारांची संमती यांशिवाय तिथे जाऊच नका. एका कार्यालयात आम्हाला एकाच सातबाऱ्याची ताजी प्रत तीन वेळा आणायला लावली, कारण दर वेळी टेबलावरचा माणूस बदललेला होता. श्रीरामपूरहून एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असं फिरवणं योग्य नाही आणि हे कोणीतरी बोलायला हवं. मिळकत न्यासाच्या नावावर झाली की न्यासाने नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यायचा. तो दिला का, हे दात्याने विचारावं. पुढे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती मिळकत विकताही येत नाही, म्हणून "चर्च उद्या विकून टाकेल" ही भीती थोडी कमी करायला हरकत नाही.

मृत्युपत्राबद्दल एक जुनी भीती अजून घराघरांत आहे: "ख्रिस्ती माणसाला चर्चला काही ठेवता येत नाही, वर्षभर आधी लिहावं लागतं." भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ मध्ये तसं होतं. पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करून सहा महिन्यांत जमा करावं लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, जॉन वल्लमट्टम यांच्या खटल्यात, ते कलम घटनाबाह्य ठरवलं. इतकी वर्षं झाली तरी टायपिंगच्या दुकानात ते अजून सांगितलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको, त्याची बायको किंवा नवराही नको, नाहीतर त्याला ठेवलेलं रद्द होतं. आणि कृपा करून मिळकत "फादर अमुक" यांच्या नावाने ठेवू नका. फादरांची बदली होते, फादर वारतात, आणि मग त्यांचे पुतणे कागद घेऊन उभे राहतात. न्यासाचं नोंदणीपत्रातलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. तो पीटीआरच्या (धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीच्या) उताऱ्यावर असतो आणि ऑफिसमध्ये मागितला की मिळतो.

साध्या दानासाठी लागतं ते एवढंच: पॅनची प्रत, सध्याचा पत्ता, बँकेतून दिल्याचा पुरावा, परदेशी राहत असाल किंवा पासपोर्ट परदेशी असेल तर त्याची प्रत, आणि खालचं पत्र. दोन प्रती करा, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घेऊन घरी ठेवा.

"मी, (पॅनवरचं पूर्ण नाव), पॅन (क्रमांक), (संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव) या संस्थेला रुपये (रक्कम) (चेक किंवा यूपीआय क्रमांक) ने (तारीख) रोजी देत आहे. ही रक्कम (हेतू) यासाठीच वापरावी. तो हेतू पूर्ण होणं शक्य नसल्यास दुसरीकडे वापरण्याआधी मला, किंवा माझ्यामागे (नाव, नातं) यांना विचारावं. सही."