सराव वाढला म्हणून पाळी थांबत नाही

“एवढा सराव म्हटल्यावर पाळी चुकायचीच,” असं खेळणाऱ्या मुलींना सर्रास सांगितलं जातं. ऐन स्पर्धेच्या दिवसांत ती आली नाही तर काहींना हायसंही वाटतं. मला मात्र या समजाची फार काळजी वाटते, कारण त्यात व्यायामावर भलताच आळ येतो.

मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संप्रेरकाचे ठोके देत असतो. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला चालना देणारं ‘एलएच’ हे संप्रेरक सोडते आणि अंडाशयाचं काम चालू राहतं. संशोधक ॲन लाउक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं, की व्यायाम करूनही पोटभर खाणाऱ्या स्त्रियांमध्ये हे ठोके फारसे बिघडत नाहीत. ते मंदावतात ते ऊर्जा कमी पडली की. लाउक्स यांच्याच २००३ च्या प्रयोगात तर अवघ्या पाच दिवसांच्या तुटवड्यानेही ते विस्कळीत झाले.

तुटवडा म्हणजे किती? समजा, मुलीचं वजन ५० किलो आहे आणि चरबी वगळली तर ४० किलो. ती दिवसाला १८०० कॅलरी खाते, त्यातल्या ६०० सरावात जातात. उरल्या १२००, म्हणजे या ४० किलोंतल्या दर किलोमागे ३०. साधारण ४५ असाव्यात आणि त्या प्रयोगात बिघाड सुरू झाला तो ३० च्या खाली. ही रेघ प्रत्येकीची वेगळी असू शकते. पण १८०० कॅलरी खाणारी मुलगी कुणाला उपाशी वाटेल का? तिला स्वतःलाही वाटत नाही, कारण जोरदार व्यायामानंतर भूक काही वेळ मरते. म्हणून भुकेची वाट न पाहता सरावानंतर लगेच खायला हवं, आणि त्यात भात-पोळीसारखे पिष्टमय पदार्थ हवेतच.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं झिजू लागतात. तेही नेमकं हाडं भरण्याच्या वयात. नडगीवर बोट ठेवून “इथेच दुखतं” असं मुलगी सांगू लागली, तर तिथे हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडसारखी दुसरी कारणंही तपासावी लागतात. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे, त्यावर विसंबू नका. खाणं वाढवल्यावर पाळी परतायला काही महिने लागू शकतात, हाडांना त्याहून बराच अधिक काळ लागतो.