शिडीपाशी दुसरी झडती : विमानतळावरच्या तपासणीची पार्श्वभूमी

बेळगावच्या विमानतळाची, म्हणजे सांबऱ्याची, धावपट्टी १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी बांधली गेली. हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आजही तिथेच आहे, त्यामुळे सांबरा गावाला पहारा आणि ओळखपत्र नवे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या साध्या प्रवाशाचा विमानतळावरच्या झडतीशी संबंध मात्र अलीकडचा. २०१७ मध्ये नवी इमारत झाली, पुढे उडान योजनेतून विमाने वाढली, आणि एरवी मुंबईला रात्रीच्या बसने, बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जाणारी माणसे हातात ट्रे घेऊन रांगेत उभी राहू लागली. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, त्या रांगेला आणखी एक रांग जोडली गेली. देशातल्या सगळ्या विमानतळांवर विमानात चढण्याआधी प्रत्येकाची पुन्हा झडती घ्यायचा आदेश निघाला. आत एकदा तपासून सोडलेल्या माणसाला शिडीपाशी पुन्हा का तपासायचे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जुन्या घटनांत सापडते.

सुरुवातीला तपासणीचा रोख अंगावरच्या हत्यारावर होता. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' हे विमान दोघांनी लाहोरला पळवले. त्यांच्याकडचे पिस्तूल खेळण्यातले होते आणि हातबॉम्ब लाकडाचा. विमान जाळले गेले आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडण्यास बंदी केली. डिसेंबर १९७८ मध्ये पुन्हा तेच घडले. या वेळी खेळण्यातले पिस्तूल आणि क्रिकेटचा चेंडू. विमान वाराणसीला उतरवले गेले आणि पळवणारे दोघे पुढे आमदार झाले! अमेरिकेत १९६८ ते १९७२ या काळात १३० हून जास्त अपहरणे झाली होती. ५ जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि हा आकडा झपाट्याने खाली आला. तपासणीचा काहीच उपयोग नाही असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटात कोसळले, ३२९ माणसे गेली, आणि अंग तपासून भागत नाही हे कळले. बॉम्बची बॅग व्हँकूव्हरला सामानात चढली होती, तिचा मालक मात्र विमानात बसलाच नाही. टोरांटोला सामान तपासताना एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातातल्या उपकरणाने तपासून पुढे पाठवल्या गेल्या. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची, हा नियम त्यानंतर कडक झाला. जुन्या प्रवाशांना आठवत असेल, विमानाशेजारी बॅगा ओळीने मांडलेल्या असत आणि प्रत्येकाने आपली बॅग बोट दाखवून ओळखायची, मगच ती विमानाच्या पोटात जाई. उन्हात उभे राहण्याचा त्रास होता, पण माझ्या मते प्रवाशांना वाचवणारा याहून सरळ उपाय दुसरा झालेला नाही. आज हेच काम बारकोड करतो. आपल्या नजरेसमोर होत नाही म्हणून कोणी त्याचे नाव काढत नाही.

शिडीपाशीच्या झडतीमागे वेगळी भीती आहे. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत चार बंदूकधारी सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या वेशात, गाडीतून थेट विमानापर्यंत पोहोचले. प्रवाशांची रांग, धातुशोधक चौकट, यातले काहीच त्यांच्या वाटेत आले नाही. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवून कंदाहारला नेले गेले. तपासणी असूनही हत्यारे आत पोहोचली होती. त्यानंतर, २००० पासून, जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय दलाकडे सोपवली गेली. तपासणीची जागा आणि विमानाचे दार यांच्यामधला पट्टा धोक्याचा आहे, हे या दोन घटनांतून सरकारी यंत्रणेच्या मनात पक्के बसले.

भीती खरी आहे. पण उपाय प्रवाशावरच येऊन थांबतो, हा माझा आक्षेप आहे. कराचीत प्रवाशांच्या रांगेतून कोणी आले नव्हते. त्या पट्ट्यात सतत वावरतात ते सामान चढवणारे, सफाईवाले, इंधन भरणारे, जेवण आणणारे. त्यांचे पास कोण देतो, रोज त्यांची झडती होते का, गाड्या फाटकावर उघडून पाहतात का, यावर सगळे अवलंबून आहे. शिडीपाशी तोच प्रवासी आणि तीच पिशवी पुन्हा चाचपली जाते. पहिल्या ठिकाणी जे नजरेतून सुटले ते दुसऱ्या ठिकाणी सापडेलही. पण वाट पाहणारा म्हातारा, कडेवरचे लेकरू, उशिरा सुटणारे विमान, ही किंमतही मोजावी लागते. अमेरिकेत २०१५ मध्ये गुप्त चाचण्यांत तपासणी नाक्यांवर ७० पैकी ६७ वेळा बनावट हत्यारे किंवा स्फोटके आत गेल्याचे उघड झाले. असा नाका एकाऐवजी दोनदा लावण्यापेक्षा भर पद्धतीच्या दुरुस्तीवर हवा.

११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचे दार मजबूत झाले आणि आतून बंद राहू लागले. अपहरण अवघड झाले ते मुख्यतः यामुळे. त्याच दारामागे मार्च २०१५ मध्ये सहवैमानिकाने स्वतःला कोंडून घेऊन आल्प्समध्ये विमान पाडले आणि १५० जण मेले, हेही खरे. द्रव पदार्थांचा १०० मिलिलिटरचा नियम २००६ मध्ये लंडनला उघडकीस आलेल्या कटानंतर आला. तो कट पोलिसांच्या पाळतीत फुटला होता, नाक्यावर नव्हे. चोर्ला घाटाने गोव्यातल्या मोपा विमानतळावर जाऊन परदेशी विमान पकडणाऱ्याची पाण्याची बाटली काढून घेतात, सांबऱ्याहून देशात कुठेही जाणाऱ्याची तीच बाटली चालते.

नारळाचेही तसेच. सौंदत्तीच्या डोंगरावरून यल्लम्मा देवीचा नारळ घेऊन येणाऱ्या बाईला तो हातातल्या पिशवीतून नेता येत नाही, तो ट्रेमध्येच राहतो. सुक्या खोबऱ्यात तेल जास्त, ते पेट घेऊ शकते, म्हणून ते मोठ्या बॅगेतही चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र जानेवारी २०२५ पर्यंत नारळ जवळ ठेवायची सूट मिळाली, एक्स-रे आणि स्फोटक चाचणीची अट घालून. चाचणी करून नारळ सुरक्षित ठरतो, तर ती यल्लम्माच्या नारळाचीही करता येईल.

सांबऱ्यात नव्या मोठ्या टर्मिनलची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिथे एअरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दाराशी नेणारे पूल, येतील आणि प्रवासी धावपट्टीच्या बाजूला उतरणारच नाही. दुसरी झडती मग पुलाच्या तोंडाशी घेता येईल. खालून सामान, इंधन आणि जेवण घेऊन येणाऱ्या गाड्या मात्र तेव्हाही त्याच फाटकातून येतील.