फिक्या लाकडी रंगाचे स्वयंपाकघर : काम ठरवण्यापूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

किचन ट्रॉलीच्या कामासाठी आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक अलीकडे ओक, अ‍ॅश किंवा मेपलसारख्या फिक्या लाकडाच्या छटेची कपाटे मागतात. ही मागणी आम्हाला मनापासून पटते. शहरातील फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला बहुधा एकच खिडकी असते आणि तीही अनेकदा ड्राय बाल्कनीत उघडत असल्यामुळे आत येणारा उजेड आधीच अर्धा झालेला असतो. अशा खोलीत गडद कपाटे भिंती जवळ आणतात, तर फिके लाकूड आलेला उजेड परतवते आणि तरीही निव्वळ पांढऱ्या रंगासारखे कोरडे वाटत नाही. मात्र हा फिका रंग पुढे किती वर्षे टिकेल हे आतला बोर्ड, त्याच्या कडा आणि सिंक व गॅसच्या आजूबाजूची मांडणी या तीन गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून रंगाचे नमुने पाहायला बसण्यापूर्वी ग्राहकांनी या गोष्टी समजून घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे.

लाकूड, व्हिनियर की लॅमिनेट

फिके लाकूड तीन प्रकारे मिळते. पहिला प्रकार अस्सल लाकडाचा. आपल्याकडच्या झाडांपैकी शिवणीचे लाकूड फिके असते. फणसाचे लाकूड ताजे असताना छान पिवळे दिसते, पण वर्षांगणिक गडद तपकिरी होत जाते, हे कोकणातील जुन्या घरांत ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. अस्सल लाकूड हवेतील ओलावा शोषून पावसाळ्यात आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे त्याची दारे अखंड फळीची न करता चौकटीत मोकळी बसवलेली फळी अशा पद्धतीने करावी लागतात आणि पॉलिशची काळजीही नियमित घ्यावी लागते. ज्यांना ते आवडते आणि झेपते त्यांच्यासाठी आम्ही तसे काम करतो, पण गॅसशेजारी त्याचा आग्रह धरू नये, असे आमचे मत आहे.

दुसरा प्रकार व्हिनियरचा, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा प्लायवर चिकटवून त्यावर पॉलिश केलेला. त्याच्या रेषांची बरोबरी छापील कागदाला येत नाही. पण ओक आणि अ‍ॅश ही लाकडे उजेडाने हळूहळू पिवळसर होतात, आणि दारावर कॅलेंडर टांगले असेल तर ते काढल्यावर मागे फिका चौकोन दिसतो. उंच कपाटे, जेवणाच्या टेबलाकडची बाजू, काचेच्या दारांच्या चौकटी अशा कोरड्या जागी व्हिनियर वापरणे चांगले.

तिसरा प्रकार लॅमिनेटचा, आणि बहुतेक घरांसाठी आम्ही हाच सुचवतो. कागदाचे अनेक थर रेझिनमध्ये भिजवून, उष्णता आणि दाबाखाली एकजीव करून लॅमिनेट बनते. वरचा थर लाकडाच्या छटेचा असतो, मात्र खालचे थर तपकिरी किंवा काळपट असतात. पुढे कडांच्या संदर्भात हा मुद्दा पुन्हा येईल. दर्शनी बाजूस 1 मिमी जाडीचे लॅमिनेट घ्यावे. दाराच्या आतल्या बाजूसही त्याच जातीचे लाइनर, म्हणजे आतून लावायचे लॅमिनेट, लावणे आवश्यक असते, कारण एका बाजूला लॅमिनेट आणि दुसऱ्या बाजूला नुसता रंग असेल तर दोन्ही बाजू सारख्या ताणल्या जात नाहीत आणि उंच दारांना बाक येतो.

पोत निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हाताला खोलवर जाणवणाऱ्या रेषांचे लॅमिनेट दुकानात फार मोहक वाटते, पण त्या रेषांत फोडणीचे तेल आणि पोळ्यांचे पीठ बसते. ओट्याखालच्या दारांना आणि चिमणीच्या दोन्ही अंगांना बारीक पोताचे मॅट लॅमिनेट घ्यावे आणि खोल रेषांची हौस उंच कपाटावर भागवावी.

आतला बोर्ड

बाहेरून सगळी स्वयंपाकघरे सारखीच दिसतात, त्यामुळे दरातला फरक बहुतेक वेळा आतच असतो. पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो, पण एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. जास्त घनतेचे ओलावारोधक बोर्ड सपाट असल्यामुळे दारांसाठी चांगले असतात. सांगाड्यासाठी मात्र आम्ही प्लायवुडच वापरतो. आयएस 710 या भारतीय मानकाचे मरीन प्लाय उकळत्या पाण्यात 72 तास ठेवून तपासले जाते. सिंकच्या आसपासच्या सांगाड्यासाठी ते घ्यावे आणि कोरड्या भागात आयएस 303 या मानकाचे सर्वसाधारण वापराचे प्लाय वापरले तरी चालते. सांगाड्याची जाडी 18 मिमीच्या आसपास असावी. माल घरी उतरल्यावर प्रत्येक शीटवर मानकाचा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह आहे का, हे ग्राहकांनी स्वतः पाहावे. आमच्या कारागिरांना त्याचा मुळीच राग येत नाही.

सिंकच्या नेमक्या खालच्या कपाटात आम्ही प्लायऐवजी पीव्हीसी बोर्ड वापरतो, कारण तिथे सायफनचा जोड कधी ना कधी ठिबकतोच. तसेच आपल्याकडे फरशी पाण्याने धुण्याची पद्धत असल्यामुळे सगळा सांगाडा जमिनीपासून सुमारे 4 इंच उंच, पीव्हीसीच्या पायांवर उभा असावा आणि पुढची स्कर्टिंगची पट्टी काढता येण्याजोगी असावी.

कडा

हा भाग थोडा सविस्तर लिहीत आहोत, कारण फिक्या कपाटांच्या बहुतेक तक्रारी कडांपासून सुरू होतात. लॅमिनेटचे खालचे थर काळपट असतात, हे वर सांगितले. सुताराने आधी दाराच्या कडेला पट्टी लावली आणि नंतर दर्शनी लॅमिनेट चिकटवले, तर कडेकडून पाहताना लॅमिनेटची जाडी एका काळ्या रेघेसारखी दिसते. गडद कपाटावर ती रेघ लपते. फिक्या अ‍ॅशवर ती प्रत्येक दाराभोवती आखल्यासारखी दिसते आणि एकदा नजरेला पडली की तिच्याकडेच लक्ष जाते. म्हणून फिक्या रंगात दोन्ही बाजूंची लॅमिनेट आधी दाबून घ्यावीत, दार मापात कापावे आणि त्यानंतर यंत्रावर त्याच छटेची एजबँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावावी, म्हणजे प्लायबरोबर लॅमिनेटची कडही झाकली जाते. सांधा दिसू नये यासाठी गोंदही पांढरा किंवा रंगहीन असावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. भांडी घासता घासता ओल्या हाताने सिंकखालचे दार उघडले जाते, पाण्याचा थेंब दारावरून खाली ओघळतो आणि खालच्या कडेला लोंबत राहतो. ती कड कुणी पुसत नाही, कारण ती दिसत नाही. एजबँडचा सांधा तिथे केसभर जरी उघडा असेल, तरी पाणी आत मुरते, लॅमिनेटखालचा भाग फुगतो आणि दाराच्या तळाशी एक उंचवटा येतो, जो फिक्या रंगावर सावलीसकट दिसतो. सिंक आणि गॅस यांच्या खालच्या दारांना आम्ही पीयूआर (पॉलियुरेथेन) प्रकारच्या गोंदाने एजबँड लावतो, कारण तो नेहमीच्या गोंदापेक्षा पाणी आणि उष्णता दोन्ही अधिक सोसतो. खर्च थोडा वाढतो. सगळ्या दारांना तो परवडत नसेल, तर निदान या चार-पाच दारांना तरी तो लावून घ्यावा.

हळद, तेल आणि हात

फिक्या कपाटांवर डाग दिसतील, या भीतीने अनेक जण खालची कपाटे गडद आणि वरची फिकी करतात. दिसायला ती जोडी वाईट नाही, पण भीती हे त्यामागचे कारण असू नये. गडद कपाटावरही तेल उडतेच. ते दिसत नसल्यामुळे पुसले जात नाही आणि काही महिन्यांनी चिकट थर बनते. फिक्या दारावरचा शिंतोडा दिसतो, म्हणून तो त्याच दिवशी जातो.

हळदीबद्दल मात्र सगळ्यांना खरी काळजी असते. चांगल्या लॅमिनेटवर हळदीचा ताजा डाग ओल्या फडक्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने निघतो. साबण लावताच डाग लालसर झाला तर घाबरू नये. हळद अल्कलीच्या संपर्कात आली की लाल होते, आणि हळदीत चुना मिसळून कुंकू करतात त्यामागेही हाच गुण आहे. पाण्याने पुसल्यावर ती लाली जाते. राहिलेली पिवळी झाक उजेडाने हळूहळू उडते, त्यामुळे खिडकीसमोरच्या दारावर ती टिकत नाही. कपाटाच्या आतल्या फळीवर ऊन पोहोचत नाही, म्हणून फोडणीच्या डब्याखाली एखादी स्टीलची ताटली कायम ठेवावी. तारेची घासणी, ॲसिड आणि खरखरीत पावडर यांचा वापर कुठल्याही दारावर करू नये.

हँडलविषयी आमचे मत स्पष्ट आहे. बोटाने ढकलून उघडणारी, हँडल नसलेली दारे छायाचित्रात सुरेख दिसतात. पण कणीक मळता मळता डबा काढावा लागणाऱ्या घरात दर वेळी दारालाच हात लागतो आणि ती जागा हळूहळू मळकट होते. ओट्याखाली लांब हँडल किंवा दाराच्या वरच्या कडेला बोट अडकेल अशी प्रोफाइल पट्टी घ्यावी. ढकलून उघडणारी दारे वरच्या माळ्याला चालतील.

चिमणीला लागून असलेल्या वरच्या कपाटांची चिमणीकडची बाजू सर्वांत जास्त वाफ झेलते. ती नुसती रंगवून सोडू नये, तर तिलाही लॅमिनेट आणि एजबँड लावून घ्यावी. चिमणी गॅसपासून 26 ते 30 इंचांवर असावी. त्याहून उंच असेल तर वाफ निसटते आणि थेट कपाटांवर बसते.

ओटा, टाइल्स आणि दिवे

फिक्या लाकडाबरोबर काळा ग्रॅनाइट उठून दिसतो आणि कुकर थेट गॅसवरून उतरवून ठेवला तरी त्याला काही होत नाही. पांढरा क्वार्ट्झ अधिक नाजूक दिसतो, मात्र त्यात रेझिन असल्यामुळे तापलेली कढई त्यावर कधीही ठेवू नये. टाइल्सच्या सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावे, नाहीतर गॅसमागचे सांधे थोड्याच दिवसांत पिवळे होतील.

लॅमिनेटचा नमुना आमच्या दुकानात पसंत करून तिथेच निर्णय घेऊ नये. फिक्या छटांमध्ये काही पिवळ्याकडे, काही गुलाबीकडे, तर काही राखाडीकडे झुकतात आणि दिव्याप्रमाणे त्यांचे रूप पालटते. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळसर. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी ओक निर्जीव दिसतो, तर 3000 केल्विनच्या दिव्याखाली पिवळा अ‍ॅश आणखी पिवळा होतो. आम्ही सहसा 4000 केल्विनचे दिवे सुचवतो आणि वरच्या कपाटांखालच्या पट्टीलाही तोच रंग ठेवतो. नमुना घरी न्यावा, जमिनीवर न ठेवता दारासारखा उभा धरावा, शेजारी ग्रॅनाइटचा आणि टाइलचा तुकडा ठेवावा आणि दिवसा तसेच रात्री पाहावा. शक्य असेल तर आमच्याकडे येऊन 8 बाय 4 फुटांची पूर्ण शीटही पाहावी, कारण छोट्या तुकड्यात न दिसलेली गाठीची नक्षी मोठ्या शीटवर पुन्हा पुन्हा येते आणि ती सर्वांना आवडतेच असे नाही. रेषा उभ्या घ्यायच्या की आडव्या, हेही तेव्हाच ठरवावे. शेजारशेजारच्या ड्रॉवरवर रेष सलग हवी असेल तर शीट अधिक वाया जाते आणि ते आधी हिशेबात धरावे लागते.

मापे आणि मांडणी

ओट्याची उंची घरात जास्त वेळ स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून 4 ते 6 इंच खाली असावी. बहुतेक घरांत ती 32 ते 34 इंच येते. पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागत असतील तर ओटा उंच आहे असे समजावे. माप घ्यायला आम्ही येऊ तेव्हा सर्वांत मोठी परात, पोळपाट, धान्याचे डबे आणि मिक्सर समोर काढून ठेवावेत, म्हणजे ड्रॉवरची उंची प्रत्यक्ष वस्तूंवरून ठरवता येते. सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा असल्यास त्या कपाटाला तळाशी जाळी लागते, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खाली साचतो. सिलिंडर प्लायवर न ठेवता फरशीवर, चाकांच्या स्टँडवर ठेवावा. पाइप गॅस असेल तर बंद करण्याची कळ हाताशी राहील अशीच मांडणी करावी.

कामाचा क्रम आणि कोटेशन

नळ आणि विजेची कामे आधी, मग टाइल्स, मग ओटा आणि त्यानंतरच कपाटांचे अंतिम माप. टाइल्सआधी घेतलेल्या मापावर कपाटे केली तर भिंतीशी फटी राहतात. नव्या इमारतीत प्लास्टर पूर्ण वाळलेले असावे आणि भिंतीला ओल असेल तर तिचा बंदोबस्त होईपर्यंत आम्ही कपाटे बसवत नाही, मग मुहूर्त पुढे ढकलावा लागला तरी चालेल.

दर रनिंग फुटावर सांगितला असेल तर त्यात ड्रॉवर किती, ड्रॉवर सरकण्याचे चॅनल कोणते, बिजागऱ्या हळू बंद होणाऱ्या आहेत का, बास्केट 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत का आणि माळा धरला आहे का, हे लेखी मागावे. दोन कोटेशनांमधला फरक बहुधा याच तपशिलात सापडतो.

काम संपल्यावर लॅमिनेटचा आणि एजबँडचा कोड क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. लॅमिनेटच्या छटा काही वर्षांनी बंद होतात आणि चालू असल्या तरी नव्या लॉटमध्ये किंचित फरक पडतो, जो फिक्या रंगात चटकन कळतो. म्हणून शक्य असल्यास एक जादा शीट आणि एजबँडचा थोडा रोल घेऊन ठेवावा. शीट माळ्यावर उभी न ठेवता सपाट ठेवावी आणि तिच्यावर जड सामान रचू नये.