इंटरनेटवरची ख्रिस्तसभा आणि तरुणांचा वाटा

तरुण मुलं रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, दिसत नाहीत, तेव्हा चर्चने आता इन्स्टाग्रामवर यायला हवं, असा सल्ला हल्ली वारंवार ऐकू येतो. सल्ला रास्त आहे. पण कॅथलिक ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, नव्या साधनांना कधी फारशी बिचकलेली नाही. गोव्यात १५५६ साली छापखाना आला, तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्याच हाती. तिथेच फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघालं. ते त्यांनी मराठी ओवीत रचलं, कारण इथल्या माणसांच्या कानाला पुराणाची सवय होती. साधन नवं आणि बोली ऐकणाऱ्यांची, हा मेळ त्यांना चारशे वर्षांपूर्वी जमला होता.

पुढे साधनं येत गेली. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. त्याची उभारणी खुद्द मार्कोनीने केली होती, आणि पहिल्या दिवशी पोप अकरावे पायस बोलले ते लॅटिनमध्ये. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढलं. त्यातूनच १९६७पासून दरवर्षी जागतिक संपर्कदिन पाळला जाऊ लागला. १९९५च्या नाताळात व्हॅटिकनचं संकेतस्थळ आलं. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं तेही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

मग अडलं कुठे? माझ्या मते, ही सगळी साधनं ध्वनिक्षेपकासारखी वापरली गेली. वरून बोलायचं, खालच्यांनी ऐकायचं. 'चर्च आणि इंटरनेट' या २००२च्या दस्तऐवजाने इंटरनेटवर साक्रामेंत, म्हणजे बाप्तिस्म्यासारखे पवित्र संस्कार, होऊ शकत नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. ते खरंच आहे, आणि आजही तितकंच लागू आहे. पण इंटरनेटवर माणसं बोलतात, शोधतात, प्रश्न विचारतात, ही बाजू अंगवळणी पडायला वेळ लागला.

याचा सर्वांत बोलका दाखला २००९चा आहे. २३ जानेवारीला व्हॅटिकनची यूट्यूब वाहिनी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी चर्चमधून बहिष्कृत केलेल्या चार बिशपांवरचा बहिष्कार उठवल्याची घोषणा झाली, आणि त्यांतले एक, रिचर्ड विल्यमसन, ज्यूंचा नरसंहार नाकारणारे निघाले. जगभर संताप उसळला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मार्चमध्ये सगळ्या बिशपांना पत्र लिहिलं. इंटरनेटवर पाहिलं असतं तर ही गोष्ट वेळीच कळली असती, आणि यापुढे त्या स्रोताकडे अधिक लक्ष द्यावं लागेल, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. वाहिनी उघडणं आणि इंटरनेटवर कान ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आठवड्यात उघड झालं.

पुढची पावलं भराभर पडली. डिसेंबर २०१२मध्ये बेनेडिक्ट यांचं पहिलं ट्वीट आलं आणि मार्च २०१६मध्ये पोप फ्रान्सिस इन्स्टाग्रामवर आले.

या सगळ्याच्या आधी मिलानमधल्या एका मुलाने काय केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कार्लो अकुतिस १९९१ साली जन्मला. संगणक तो बराचसा स्वतःच शिकला. मिस्सा आणि ख्रिस्तशरीराची, म्हणजे मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीची, भक्ती हा त्याचा जीव की प्राण होता. याच भाकरीशी, म्हणजे ख्रिस्तप्रसादाशी, जोडलेल्या जगभरातल्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने ती संकेतस्थळावर आणि प्रदर्शनात मांडली. १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला, अवघ्या पंधराव्या वर्षी. ते प्रदर्शन मात्र देशोदेशीच्या धर्मग्रामांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायांत, फिरत राहिलं. कुठल्या समितीने त्याला हे काम दिलेलं नव्हतं.

मुलांना विचारायला हवं, ही जाण मार्च २०१८मध्ये प्रत्यक्षात उतरली. तरुणांवरच्या सिनडच्या, म्हणजे बिशपांच्या सभेच्या, तयारीसाठी रोममध्ये सुमारे ३०० तरुण जमले, आणि फेसबुकच्या गटांतून आणखी हजारो जण चर्चेत आले. त्यातून निघालेला मसुदा तरुणांनीच लिहिला. 'क्रिस्तुस विवित' या २०१९च्या पत्रात फ्रान्सिस यांनी कार्लोचा दाखला दिला, तसेच खोट्या बातम्यांचे आणि आपल्यासारख्याच माणसांत कोंडून घेण्याचे धोकेही नोंदवले.

वर्षभरातच टाळेबंदी आली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं मार्च २०२०पासून १६ नोव्हेंबरपर्यंत बंद होती. मिस्सा फोनवर पाहायची वेळ आली, तेव्हा अनेक धर्मग्रामांत कॅमेरा धरायला आणि थेट प्रक्षेपण जुळवायला धर्मगुरूंना तरुणांचीच मदत घ्यावी लागली. दारं उघडल्यावर यांतल्या किती जणांना काम राहिलं आणि किती जण पुन्हा मागच्या बाकावर गेले, हे प्रत्येक धर्मग्रामाने तपासावं.

रोममध्ये २८ आणि २९ जुलै २०२५ रोजी डिजिटल मिशनरींसाठी, म्हणजे इंटरनेटवरून श्रद्धेचा प्रसार करणाऱ्यांसाठी, खास ज्युबिली (पवित्र वर्षातला सोहळा) भरली. त्यानंतर ७ सप्टेंबरला पोप चौदावे लिओ यांनी कार्लोला संत घोषित केलं.