पेशंटची भूमिका, डॉक्टरची परीक्षा

तळपायावरून टोकदार वस्तू फिरवली की निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. मज्जारज्जूच्या काही आजारांत तो वर जातो. पॅटी डगरचा अंगठा वर जायचा. तिचे दोन्ही पाय लुळे होते, एका डोळ्याने दिसत नव्हतं. निदान, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. प्रत्यक्षात पॅटी ठणठणीत होती. चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून काम करणाऱ्या रोझ मॅकविल्यम्स यांनी ही भूमिका घोटून बसवली होती.

ही १९६३ची गोष्ट. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात मेंदूविकार शिकवणारे डॉ. हॉवर्ड बॅरोज यांची अडचण अशी होती, की परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा पेशंट मिळतो. मग गुणांची तुलना कशी करायची? शिवाय विद्यार्थी पेशंटला तपासतो तेव्हा तिथे बघायला कुणी नसतंच. बॅरोज यांनी उभी केलेली पॅटी मात्र सगळ्यांना सारखीच भेटायची आणि नंतर विद्यार्थी कसा वागला ते लिहून द्यायची. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, पण पद्धत टिकली.

पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी छोट्या छोट्या टप्प्यांची परीक्षा आखली. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचं आणि नेमून दिलेलं एकच काम करून दाखवायचं. अमेरिकेत तर २००४ पासून कोविड येईपर्यंत पॅटीसारखे भूमिका करणारे पेशंट तपासून दाखवल्याशिवाय डॉक्टरकीचा परवाना मिळत नसे. परीक्षाकेंद्रं फक्त तिथल्या पाच शहरांत होती, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनाही त्यासाठी विमानाने जावं लागे. २०२१ मध्ये ती परीक्षा कायमची बंद झाली.

माझ्या मते या पद्धतीचा खरा कस वाईट बातमी सांगताना लागतो. समजा, विद्यार्थी फाइलमध्ये बघत म्हणतो, "बायोप्सीत मॅलिग्नन्सी आली आहे," आणि लगेच केमोचं वेळापत्रक सांगू लागतो. प्रसंग संपल्यावर पेशंट झालेली बाई त्याला सांगते, "पहिल्या वाक्यानंतर मला काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत." हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणं वेगळं. खऱ्या पेशंटवर हा सराव करणं मला क्रूर वाटतं. त्याला ती बातमी एकदाच मिळते.

२०१९ पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्तेचा 'एटकॉम' हा भाग आला आहे. मात्र पेशंटच्या भूमिकेची परदेशी संहिता जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिथे बहुतेकदा पेशंट एकटा डॉक्टरसमोर बसलेला असतो. आपल्याकडे दाराबाहेर मुलगा गाठतो: "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका." आत बाबा विचारतात, "मला नेमकं काय झालंय?" हा मुलगा संहितेत हवाच, कारण पहिल्याच नोकरीत आपल्या डॉक्टरची त्याच्याशी गाठ पडते.

आणि अभिनेते? राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी कलावंत आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यांना आवाज खाली आणायला शिकवावं लागेल, कारण इथे प्रेक्षक हातभर अंतरावर असतो आणि दहाव्या विद्यार्थ्यासमोरही रडू पहिल्याइतकंच यावं लागतं. कॉलेजांनी त्यांना रीतसर मानधन द्यावं, तालमी घ्याव्यात आणि गुणपत्रिकेत त्यांच्या मतालाही रकाना ठेवावा.